जुन्या मिजेटला हात घालण्यापूर्वी

मी शेजारच्या सीटवर बसले आणि ड्रायव्हरच्या सीटवरून माझी मुलगी म्हणाली, "आई, दार उघडत नाहीये." मी उतरले, दार उघडलं. पुन्हा बसले, पुन्हा अडकलं. मग ती आत बसलेली असताना मी बाहेरून वाकून पाहिलं. दाराच्या मागच्या कडेला वरच्या कोपऱ्यात एक फट असते. गाडी रिकामी असताना तिच्यात जाड पुठ्ठा सहज सरकायचा. आता मुलीच्या एकटीच्या वजनानेही ती जवळजवळ मिटली होती. दोन माणसं बसली की गाडी मधोमध वाकत होती. तोवर मी तिला नवा रंग दिला होता, सीट नव्याने शिवून घेतल्या होत्या आणि पुढचे क्रोमचे तुकडे चकचकीत करून बसवले होते. पूर्ण एक वर्ष चुकीच्या जागी गेलं होतं.

ही १९६५ची एमजी मिजेट, म्हणजे दोन सीटची छोटी, उघडी ब्रिटिश गाडी, आज चौदा वर्षं माझ्याकडे आहे. जुन्या गाड्या दुरुस्त करायचा हा छंद सुरू करणाऱ्या कोणाचंही पहिलं वर्ष माझ्यासारखं जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. या गाड्या हलक्या असतात, कारण त्यांच्यातला एकेक भाग दोन-दोन कामं करतो. माझी मिजेट सातशे किलोच्या आसपास भरते. तिच्याखाली वेगळी चॅसी नाही, बॉडीच चॅसी आहे. दाराखालची जी पट्टी आपल्याला पाय ठेवायची जागा वाटते, ती सिल या गाडीचा कणा आहे. पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरचा दांडा हाच वरचा विशबोन, म्हणजे चाकाला धरणारा हातही आहे. ब्रेक आणि क्लच यांचं तेल एकाच डब्यातून जातं. त्यामुळे एक भाग खराब झाला की दोन गोष्टी बिघडतात आणि त्यांतली एक लांब कुठेतरी दिसते. तक्रार एका जागी आणि मूळ दुसऱ्या जागी, हे मला माझ्या धंद्यामुळे ओळखीचं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा दुखतो म्हणून येणाऱ्या माणसाचा कधीकधी खुबा तपासावा लागतो.

घ्यायला जाताना

कोणती गाडी घ्यायची, हे ठरवताना तिचे सुटे भाग मिळतात का, हे आधी बघा. या कुळात ते मिळतात. १९५८ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट आली ती मुळातच दुसऱ्या गाड्यांच्या भागांतून जुळवलेली होती. इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन ऑस्टिन ए३५चं, स्टिअरिंग रॅक मॉरिस मायनरची. १९६१मध्ये तीच गाडी वेगळा चेहरा घेऊन एमजी मिजेट म्हणूनही विकायला आली आणि १९७९पर्यंत बनत राहिली. सुरुवातीला ९४८ सीसी, १९६२पासून १०९८, १९६६पासून १२७५, तर १९७४पासून ट्रायम्फचं १५०० सीसीचं इंजिन आणि काळे रबरी बंपर. पहिली तिन्ही इंजिनं बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ए-सिरीज घराण्यातली. १९५१च्या ऑस्टिन ए३०मध्ये आलेलं हे घराणं मिनीमध्ये २०००पर्यंत चाललं. इतकी वर्षं चाललेल्या इंजिनाचं गॅस्केट शोधत फिरावं लागत नाही.

माझं मत विचाराल तर १०९८ किंवा १२७५ घ्या. दोन्हींना पुढे डिस्क ब्रेक आहेत. पण इंजिनाच्या आकारापेक्षा पत्र्याकडे बघून निर्णय घ्या. चांगल्या पत्र्याची, बंद इंजिनाची गाडी ही सडक्या पत्र्याच्या, सुरेल चालणाऱ्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. इंजिन दोघांच्या मदतीने एका दिवसात बाहेर निघतं. कणा बदलायला महिने जातात.

पाहायला जाताना तीन वस्तू न्या: मऊ कापडात गुंडाळलेलं चुंबक, टॉर्च आणि बोथट स्क्रू-ड्रायव्हर. चुंबक दारांच्या खालच्या भागावरून, चाकांच्या कमानींवरून आणि सिलवरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी आहे. रंगावर बारीक फोड दिसले तर गंज बाहेरून लागलेला नसतो, तो आतून बाहेर आलेला असतो. गालिचे उचला, पाय ठेवायच्या जागेचे कोपरे दाबून पाहा. मग गाडीखाली आडवे व्हा आणि मागच्या पाट्यांचं (चाकांवरच्या पट्टीच्या स्प्रिंगांचं) पुढचं टोक जिथे फरशीला बसतं, तिथे टॉर्च मारा. १९६४च्या आधीच्या गाड्यांत अर्ध्या पाट्या आहेत. त्यांचं जाड टोक सीटच्या मागे फरशीखालच्या पेटीत घट्ट बसवलेलं असतं, त्यामुळे मागच्या चाकांचा सगळा जोर त्या पेटीवर येतो. तिथला पत्रा मऊ लागला तर किंमत कितीही कमी असली तरी थांबा.

शेवटी दोघांनी गाडीत बसा आणि तिसऱ्याला दाराची फट बघायला सांगा. ही परीक्षा मी स्वतःच्या गाडीवर एक वर्ष उशिरा घेतली. विकणाऱ्याने हरकत घेतली तर त्या हरकतीतच उत्तर आहे.

पत्रा

माझ्या गाडीत काय निघालं ते सांगते, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. बाहेरून सिल सरळ, गुळगुळीत. मागच्या टोकाला ग्राइंडर लावला तर रंगाखाली पत्रा, पत्र्याखाली गंजाचा भुगा आणि त्याखाली जुन्या सिलची जाळी. कुणीतरी सडलेली सिल न कापता तिच्यावरच नवी पट्टी चढवली होती. आतली सिल कागदासारखी झाली होती. बाहेरची पट्टी आणि आतली भिंत मिळून पोकळ पेटी होते, आणि ताकद असते ती त्या पेटीत. एक भिंत गेली की उरतो तो नुसता पत्रा.

आता पद्धत. सर्वांत आधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, गालिचे आणि सीट काढा. वेल्डिंग करताना जवळ आगविझवणी आणि ओलं फडकं हवंच, आणि सोबत एक माणूस हवा. पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला काय पेटतंय, हे वेल्डिंगच्या मुखवट्यातून दिसत नाही.

मग गाडी सपाट जमिनीवर घ्या. जॅकच्या भरवशावर कधीही काम करू नका. पुढे क्रॉस-मेंबरखाली (आडव्या तुळईखाली) आणि मागे अॅक्सलखाली घोड्या लावा, म्हणजे वजन जिथे रोज पडतं तिथेच पडेल. दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी नळीचा आडवा टेकू वेल्ड करा किंवा बोल्टने बसवा. तो बसवण्यापूर्वी फट बरोबर करून घ्या. वाकलेल्या गाडीला टेकू दिला तर ती वाकडीच पक्की होईल. अॅक्सलच्या घोड्या तशाच ठेवून मध्ये फरशीच्या मजबूत भागाखाली लाकूड ठेवा आणि जॅकने अगदी थोडं उचला. दोन्ही बाजूंच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या झाल्या की थांबा. मी फटी मोजायला ४ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या कापून घेतल्या होत्या आणि दर थोड्या वेळाने त्या घालून बघत होते.

एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही बाजू एकदम उघडल्या की गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही.

जुनी सिल सोडवताना कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या बारीक खळग्या शोधा आणि तेवढ्याच ड्रिलने उडवा. घाईने ग्राइंडर फिरवला तर चांगली कडही जाते आणि नवी सिल टेकवायला जागा राहत नाही. आधी आतली भिंत, मग बाहेरची. ब्रिटिश मोटर हेरिटेज या गाड्यांचे पॅनल बनवते, पण कोणतंही पॅनल थेट बसेल असं धरून चालू नका. नव्या पत्र्याच्या कडेला पाच-सहा मिलिमीटरची छिद्रं पाडा, क्लॅम्पने घट्ट धरा, दार बसवा, फट पाहा. पटत नसेल तर सैल करा आणि पुन्हा बसवा. मी पहिल्या बाजूला हे अकरा वेळा केलं. पटल्यावरच छिद्रांतून टाके मारा: एक या टोकाला, पुढचा त्या टोकाला, मग मधे. एकाच जागी सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून लाटांसारखा वळतो.

जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसणार, तिथे आधी वेल्डिंग सहन करणारा जस्ताचा प्रायमर लावा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. काम झाल्यावर सांध्यांवर सीलर आणि पोकळीत लांब नळीने पातळ मेण सोडा. मेण खालच्या निचऱ्याच्या भोकांतून ठिबकलं पाहिजे. ठिबकलं नाही तर भोक बुजलंय, ते तारेने मोकळं करा. पुढे दर पावसाळ्याआधी ही भोकं तपासा. सिल बाहेरच्या पाण्याने सडत नाही, आत अडकून राहिलेल्या पाण्याने सडते.

टेकू काढला त्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा आत बसलो. मुलीने दार उघडलं, बंद केलं. आधी ते धडपडत बसायचं. आता एकच भरीव आवाज आला आणि झालं.

थांबणं आणि वळणं

पत्र्यानंतर ब्रेक. या गाडीत ब्रेकचा एकच सर्किट आहे. कुठेही एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून जुन्या गाडीत सुस्थितीतलं सोडून बाकीचं बदलू, असा हिशोब इथे करू नका. लोखंडी नळ्या काढून तांबे-निकेलच्या घाला, रबरी नळ्या तिन्ही नव्या घाला. जुनी रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून सुजलेली असते. मग पाय काढला तरी ब्रेक धरून राहतो आणि आपण कॅलिपर उघडत बसतो. मास्टर सिलिंडर आणि मागचे व्हील सिलिंडर उघडून आतली भिंत नखाने चाचपा. नखाला खाच लागली तर नवे किट घालून उपयोग नाही, सिलिंडरच बदला.

ब्रेक ऑइल डॉट ४ आणि दर दोन वर्षांनी नवं. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल आली की गरम झाल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात व पेडल खोल जातं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. रंगावर थेंब पडला तर पुसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. ओल्या कापडाने टिपून ते कापड पिशवीत बांधून टाका.

पुढचं सस्पेन्शन ही या गाड्यांची सर्वांत दुर्लक्षित जागा. चाक किंगपिनवर वळतं, आणि किंगपिनचं खालचं टोक विशबोनमध्ये आटे असलेल्या एका पिनवर हलतं. दर बाजूला तीन ग्रीस निपल आहेत. ग्रीस गेलं नाही तर ती खालची पिन गंजून धरते, आटे खाते आणि शेवटी पूर्ण विशबोन बदलावा लागतो. ग्रीस भरताना चाक जमिनीवरून उचललेलं ठेवा. वजन असलं की ग्रीस दाबाच्या बाजूला शिरत नाही. काळं ग्रीस निघून स्वच्छ यायला लागेपर्यंत पंप मारा. दर १५०० किलोमीटरला हे करा, ही माझी सवय.

ढिलेपणा कुठे आहे, हे ओळखायची युक्ती साधी आहे. उचललेलं चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खटखट जाणवली तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. खटखट गेली तर बेअरिंग. राहिली तर किंगपिन. डोळ्यांपेक्षा तळहाताला हे लवकर कळतं, म्हणून हातमोजे काढून करा.

इंजिन

चालत्या इंजिनाला उगाच उघडू नका. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडे एकमेकांच्या जवळ असतील आणि गरम इंजिनावर चालत्या गाडीत तेलाचा दाब ४० पीएसआयच्या वर राहत असेल, तर आतलं काम वर्षानुवर्षं थांबू शकतं. मागच्या बाजूने थोडं तेल ठिबकणं हा दोष समजू नका. ए-सिरीजच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नसून तेल परत ढकलणारी नुसती पिळाची खाच आहे. खाली ट्रे ठेवा.

हेड कधी उघडलं तर मात्र एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कडक पोलादाच्या बसवून घ्या. ही इंजिनं शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहेत. शिसं बैठकीला संरक्षण द्यायचं. ते गेल्यावर भरधाव चालवल्या जाणाऱ्या गाडीत मऊ बैठक झिजून व्हॉल्व्ह आत रुततो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळत असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्याही त्याला टिकणाऱ्या घाला. जुन्या नळ्या चिरतात आणि एक्झॉस्टच्या शेजारी पेट्रोल ठिबकतं.

ट्यूनिंगचा क्रम बदलू नका: टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (ठिणगी पाडणारा स्विच), टायमिंग (ठिणगीची वेळ), आणि कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी. नवशिके कार्बोरेटरपासून सुरुवात करतात, कारण तो समोर दिसतो. पण पॉइंट बिघडलेला असताना कार्बोरेटर जुळवला तर दोन चुका एकमेकींना झाकतात.

टॅपेट थंड इंजिनावर, ०.०१२ इंच म्हणजे ०.३० मिलिमीटर. आठ व्हॉल्व्हना पुढून १ ते ८ आकडे द्या आणि नऊचा नियम लक्षात ठेवा. आठवा पूर्ण दाबला गेला की पहिला जुळवा, सातवा दाबला की दुसरा, सहावा दाबला की तिसरा. बेरीज नेहमी नऊ. प्लग काढून चौथ्या गिअरमध्ये गाडी हळूच ढकलली की इंजिन हवं तेवढं फिरतं. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लोण्यातून सुरी जावी तसा जायला नको, किंचित अडत गेला पाहिजे. पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५.

आता जोडीचे एसयू बनावटीचे कार्बोरेटर. हे काम मला सगळ्यात आवडतं. इंजिन पूर्ण गरम करा, एअर फिल्टर काढा, दोन्ही डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या तेलाच्या भांड्यांत) २० ग्रेडचं पातळ तेल आहे का बघा. ते नसलं तर एकदम अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते. मग दोन कार्बोरेटरांना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करा, म्हणजे प्रत्येक जण स्वतंत्र होईल. रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं पहिल्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा फुसफुसाट ऐकू येतो. आयडलिंगचे स्क्रू थोडे थोडे फिरवत दोन्हींचा आवाज एकाच पट्टीचा करा. नळी धरायची जागा दोन्ही तोंडांवर तीच ठेवा, एवढीच काळजी.

आवाज जुळले की मिश्रण. एका कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचला. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त आहे, खालचा नट वर चढवा. लगेच मरायला लागलं तर पेट्रोल कमी आहे, नट खाली उतरवा. क्षणभर किंचित वाढून पुन्हा पूर्ववत झालं की ते बरोबर. नट एका वेळी एक कडा, म्हणजे षटकोनाची एक बाजू, एवढाच फिरवा आणि प्रत्येक वेळी थोडं थांबून ऐका. दुसऱ्याचं झालं की पहिला पुन्हा तपासा, कारण एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतो.

क्लचबद्दल एकच सांगते. त्याचं रिलीज बेअरिंग कार्बनचं आहे आणि ते बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं. सिग्नलला क्लच दाबून उभं राहू नका, न्यूट्रल करा.

वायरिंगमध्ये नव्वद टक्के वेळा दोष अर्थिंगचा निघतो, निदान माझ्याकडे तरी. १९६७पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला असतो, त्यामुळे बॅटरी लावताना दोनदा बघा. इंजिन आणि बॉडी यांच्यातली अर्थची पट्टी तुटली असेल तर सेल्फ मारताना करंट दुसरा रस्ता शोधतो आणि बहुतेक वेळा तो चोकच्या केबलमधून जातो. सेल्फ मारताना चोकचं बटण गरम लागलं तर हेच झालंय.

चालवत ठेवा

झाकून ठेवलेली गाडी लवकर म्हातारी होते. पंधरा दिवसांतून एकदा तरी निदान तीस-चाळीस किलोमीटर काढा, म्हणजे इंजिन पूर्ण तापून तेलातली ओल उडून जाईल. नुसतं जागेवर चालू करून बंद केलं तर ओल वाढते. तेल २०डब्ल्यू-५०, खनिज, आणि त्यात जस्ताची मात्रा पुरेशी हवी, कारण या इंजिनाचे टॅपेट कॅमवर घासत चालतात. महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी सोडवा आणि क्लचचं पेडल लाकडाच्या ठोकळ्याने दाबून ठेवा, नाहीतर प्लेट फ्लायव्हीलला चिकटते.

निघण्यापूर्वी बॉनेट उघडून तेल, पाणी आणि ब्रेक-क्लचचा तो एकत्र डबा बघते. त्यातली पातळी उतरलेली दिसली तर नुसती भरून निघू नका. चाकांच्या आतल्या बाजूला ओल नसेल, तर गाडीखाली वाकून गिअरबॉक्सच्या बाजूचा क्लचचा स्लेव्ह सिलिंडर बघा आणि त्याचं रबरी टोपण बोटाने मागे सरकवा. आत ओलं लागलं तर गळती तिथे आहे, आणि तो बदलेपर्यंत गाडी उभी ठेवा, कारण क्लच जे तेल गाळतोय ते तुमच्या ब्रेकचं आहे.